सुभेदाराचा आवाज

एका राज्यात सुभेदार नेमण्याची एक रीत होती. ज्याला सुभा मिळे, त्याने आपला आवाज मांत्रिकापाशी ठेवायचा आणि राजाचा आवाज गळ्यात घालून जायचे. मग सुभेदार बोले आणि रयतेला राजा ऐकू येई.

धवलकेतूला सुभा मिळाला, तेव्हा त्याची बायको रेणुमती म्हणाली, “आवाज ठेवून जाणार? मग मी भांडू कुणाशी?”

“एकच सुभा, रेणू. आलोच,” तो हसून म्हणाला.

मांत्रिकाने त्याचा आवाज काढून एका साळुंकीच्या गळ्यात ठेवला.

एक सुभा झाला, राजाने दुसरा दिला. दुसरा झाला, तिसरा दिला. समुद्राकाठी त्याने हुकूम सोडला, “होड्या बांधून ठेवा.” होड्या वाळूला चिकटल्या, लाटांनीही हलेनात. रानातल्या सुभ्यात तो म्हणाला, “झाडे राजाची आहेत.” त्या दिवसापासून झाडांनी रयतेला फळ दिले नाही. डोंगरातल्या सुभ्यात उपाशी माणसे वेशीपाशी आली. तो म्हणाला, “वेस लावा.” वेस मिटली, ती दगडाची झाली.

धवलकेतू म्हातारा झाला. राजाने आपला आवाज काढून घेतला आणि त्याला निरोपाची शाल दिली. मांत्रिकाकडे पिंजरा रिकामा होता.

“साळुंकी कधीच उडाली,” मांत्रिक म्हणाला. “तिला शोध. तुझे हुकूम तू स्वतःच्या आवाजात मागे घेशील, तेव्हाच ते मोडतील.”

मुका धवलकेतू आधी घरी गेला. रेणुमतीची दृष्टी गेली होती. ती ओसरीवर शेंगा सोलत होती आणि तिच्याशी कोणी बोलत होते. आवाज त्याचाच होता, तरुणपणीचा. खांबावर साळुंकी बसली होती.

“पाऊल वाजलं. कोण आलंय हो?” रेणुमतीने विचारले.

“वाटसरू असेल,” साळुंकी म्हणाली.

रेणुमतीने त्याला भाकरी दिली. आपल्याच दारात तो परक्यासारखा जेवला.

मग साळुंकी त्याच्या खांद्यावर आली. “धवलकेतू, तुझा आवाज देते. पण तो गेला की मी जगणार नाही, आणि हिच्याशी बोलायला कोणी उरणार नाही. देऊ?”

धवलकेतूने मान हलवली. नको.

“ते नको म्हणत असतील. तरी दे, बाई,” रेणुमती म्हणाली. “तू म्हणजे ते नव्हेत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझे हे एवढं गोड कधी बोललेच नाहीत. पण सुभ्यांत यांनी काय केलं, ते तुला सांगता येत नाही. ते मला यांच्या तोंडून ऐकायचंय.”

साळुंकीने त्याच्या ओठांना चोच लावली. मग ती रेणुमतीच्या मांडीवर पडली, ती उठली नाही.

“रेणू,” तो म्हणाला.

“आधी सुभ्यांचं बोला.”

त्याने होड्यांचे सांगितले आणि हुकूम मागे घेतला. दूर होड्या तरंगू लागल्या. त्याने रानाचे सांगितले. झाडे फळांनी वाकली. वेशीपाशी येऊन तो अडला.

“किती माणसं होती?”

“मी पाहिलंच नाही, रेणू.” तो रडू लागला. “वेस उघडा,” तो म्हणाला.

वेस उघडली. बाहेर कोणीच नव्हते.

हे कानावर गेले तेव्हा राजाने ती रीत मोडली. तेव्हापासून सुभेदार स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि जपून बोलतात.

वेस उघडली त्या दिवशीच धवलकेतूने अंगणात खड्डा खणला. रेणुमतीने चाचपडत साळुंकीला आत ठेवले.

मग म्हणाली, “माती नीट दाबा. मांजर येतं.”