पोशीबायचा दोरा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, आणि दर्याला माणसाच्या रक्ताचा वास येतो यावर सगळ्या कोळीवाड्याचा विश्वास होता. बुडी मारून वर आलेल्याच्या नाकाकानांतून रक्त आलं की दर्याने त्याला निवडलं, असं म्हणत. मग भरती त्याला न्यायला घरापर्यंत येते आणि आड येणाऱ्यालाही सोडत नाही. म्हणून अशा माणसाला किनाऱ्यावर ठेवून लोक दारं लावून घेत.

कोळीवाड्याच्या टोकाला पोशीबाय राहायची. एकटी, फटकळ बाई. ओहोटीला ती खडकांतून भोकाभोकांचे मऊ गोळे खरवडून आणायची. आज आपण त्यांना स्पंज म्हणतो. ती ते उकळायची, वाळवायची आणि दगडाखाली दाबून चपटे करायची. म्हातारी आता दगडाची भाकरी थापणार, असं म्हणून पोरं हसायची.

एका अवसेला दामा नावाच्या कोळ्याने होडीचा अडकलेला नांगर सोडवायला खोल बुडी मारली. वर आला तो नाकातून धार लागलेली, आणि एका कानातूनही रक्त. कुणी कांदा फोडून हुंगवला. कुणी त्याची मान मागे टाकून त्याला आडवा केला आणि व्हायचं तेच झालं. रक्त घशात उतरलं आणि त्याने भळकन ओकलं. ते पाहून सगळे मागे सरले. भरती सुरू झाली होती. त्याची बायको गोमी, लग्नाला वर्षही न झालेली. तिने त्याला बगलेत धरून ओढत पोशीबायच्या खोपटात आणलं, कारण तेवढं एकच दार उघडं होतं.

पोशीबायने दामाला पुढे वाकवून बसवलं. स्पंजच्या चपट्या तुकड्याला दोरा बांधला आणि तो नाकपुडीत खोलवर सरकवला. दुसरा लहान तुकडा कानाच्या तोंडाशी ठेवला. नाकातला तुकडा रक्त पिऊन फुगला आणि घट्ट बसला. दोऱ्याचं टोक तिने गोमीच्या हातात दिलं. तुकडा घशात सरकू द्यायचा नाही आणि घाबरून ओढायचाही नाही, असं बजावलं.

"दोरा सोरू नको, पोरी."

"आनि दर्या आला तं?"

"आला तरी."

आणि दर्या आला. वाळू ओलांडून, मासळी सुकवायच्या काठ्यांखालून पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं. आत येईना, मागेही जाईना, असं म्हणतात. उंबऱ्यावर बसलेल्या गोमीच्या पायांना ते गार पाणी लागलं. तिला पळून जावंसं वाटलं, पण तिने मूठ उघडली नाही. हळूहळू दोऱ्यावरून ठिबकणारं रक्त थांबलं, आणि मग पाणी उतरलं. दामा जगला.

पोशीबायने पुढे पुष्कळ माणसं वाचवली. दोरा धरायला प्रत्येकाचं आपलं कुणीतरी असायचं. पोशीबायला कुणी नव्हतं.

अशाच एका अवसेला तिचाच घोळणा फुटला, नाकातलं रक्त थांबेना. तिच्या हाका गोमीने ऐकल्या. पण गोमीच्या कडेवर मूल होतं, भरती चढत होती आणि ते गार पाणी तिला आठवलं. पाणी उतरलं की जाऊ, असं तिने स्वतःला समजावलं आणि दाराला कडी घातली.

पाणी उतरल्यावर ती धावत गेली. खोपटात पोशीबाय नव्हती. जमिनीवर ओल्या दोऱ्याचं टोक पडलं होतं. दोरा दारातून बाहेर, वाळूवरून सरळ पाण्यात गेला होता. गोमीने टोक उचलून बोटांना गुंडाळलं आणि तिथेच बसली. पलीकडून कुणीतरी हलकेच ओढत होतं, असं म्हणतात. दामाने किती विनवलं तरी ती उठली नाही. दोरा किनाऱ्यावरच्या खडकाला बांधला, तेव्हाच घरी आली.

आजही अवसेच्या भरतीला त्या खडकाला नवा दोरा बांधतात आणि पाणी उतरेपर्यंत बाया आळीपाळीने त्याचं टोक धरून बसतात. आता घोळणा थांबला नाही तर लोक तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तिथला डॉक्टरही नाकात स्पंजच बसवतो आणि त्याचा दोरा गालावर चिकटवून टाकतो. धरायची गरजच नसते. तरी आमच्या कोळीवाड्यातली एखादी बाई खाटेशी बसते, गालावरच्या दोऱ्यावर बोट ठेवून. नर्स रागावते, भेटायची वेळ संपली म्हणते. बाई हलत नाही.