कोयीतला भुंगा

महाराज रणधवल आंब्याची कोय चोखत होते, तोच कोयीतून काळा भुंगा बाहेर आला आणि थेट त्यांच्या मिशीवर बसला!

"बोलवा त्या सटवा माळ्याला!" महाराज मिशी झटकत ओरडले.

सटवा धावत आला. मागोमाग त्याची बायको गोजरा, कडेवर तान्हं पोर.

"बागेला तटबंदी, दारात चौकी, आंब्याची साल धड! मग भुंगा आत शिरला कुठून? दिवस मावळायच्या आत ती वाट दाखव. नाहीतर बागेतली खोपी सोड आणि राज्याबाहेर चालू लाग!"

गोजराने पोराकडे पाहिलं. पोराची झोळी आंब्याच्या फांदीला बांधलेली. दुसरीकडे कुठे ते डोळा मिटत नव्हतं. परक्या मुलखात त्याला घेऊन कुठे हिंडायचं?

दरबारी मात्र खुशीत होते.

"शत्रूचा हेर आहे, महाराज!" सेनापती म्हणाले. "काळा पोशाख बघा की!"

"चौकशी मंडळ नेमू," प्रधानजी म्हणाले. "भुंग्याचंही म्हणणं ऐकून घेऊ."

शेवटी गोजराच पुढे झाली.

"महाराज, आंबा सुपारीएवढा असतो तेव्हा भुंगा सालीवर अंडं घालतो. केसाएवढी अळी आत जाते, भोक बुजून जातं. मग आंबा वाढतो, अन् आतला पाहुणाही वाढतो. आता वाट कुठून दिसणार?"

"थापा! एवढासा शिरला, आत बसून खात राहिला, फुगला, आणि कुणाला पत्ता नाही? आमच्या राज्यात असलं चालत नाही!"

गोजराला एकदम कोठीघर आठवलं. आंब्याच्या पाट्या ती तिथेच पोचवायची. इवल्याशा दारातून अंगठ्या घातलेला एक गुबगुबीत हात बाहेर यायचा. हाताचा धनी तिने कधी पाहिलाच नव्हता!

"महाराज, कोठीवाल्या मामासाहेबांना जरा बोलवता?"

मामासाहेब म्हणजे राणीसाहेबांचे सख्खे मामा. दरबारी एकमेकांकडे बघायला लागले. शिपाई गेला आणि हात हलवत परत आला.

"महाराज, ते येत नाहीत. म्हणजे, त्यांना येता येत नाही!"

महाराज तणतणत स्वतःच निघाले. मागून सगळा दरबार. कोठीच्या दारातून मामासाहेबांचं डोकं आणि एक खांदा तेवढा बाहेर आला होता. बाकीचे मामासाहेब आतच!

"हे दार आम्हीच मुद्दाम लहान केलं," महाराज ऐटीत म्हणाले. "पोतं घेऊन कुणाला बाहेर पडता येऊ नये म्हणून!"

"पोतं बाहेर गेलंच नाही, महाराज," गोजरा म्हणाली. "आतच संपलं."

"पण मामासाहेब आले तेव्हा काडी होते, काडी! आडवे होऊन सुळकन आत गेले."

"मग आता तुम्हीच वाट दाखवा. एवढा माणूस एवढ्याशा दारातून शिरला कसा?"

महाराजांनी दाराकडे पाहिलं, मामासाहेबांकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"बरं बाई! पण भुंग्याचा बंदोबस्त काय?"

"तुमची चौकी बसते आंबा पाडाला आल्यावर. चोर तर कैरी सुपारीएवढी असतानाच आत! अन् मोहोर आला की झाडाला हात लावायचा नाही, असा सरकारी हुकूम. त्याआधीपासून बाग आमच्या हाती द्या. खोडं खरवडून भेगांतले भुंगे काढू, गळलेली फळं अन् कोयी वेचून जाळू."

"आणि यांचं काय?" महाराजांनी दाराकडे बोट केलं.

"भुंगा कोय फोडून बाहेर येतो. तसं करायचं तर भिंत पडेल. त्यापेक्षा नुसत्या ताकावर ठेवा. आले तसेच सुळकन बाहेर येतील!"

"ताकाबरोबर थोडी बुंदी तरी?" मामासाहेब कळवळले.

महाराज इतके हसले की पगडी घरंगळून मामासाहेबांच्या पुढ्यात पडली.

"खोपी पाडा!" हसू आवरत ते म्हणाले. गोजराने पोराला घट्ट धरलं. "आणि तिथेच हिला पक्कं घर बांधून द्या! बागही हिच्याच हाती. बोल, घराला दार केवढं ठेवू?"

गोजराची पोरावरची मिठी सैल झाली.

"पाळणा आत जाईल एवढं, महाराज. अन् बाहेरही येईल एवढं!"