विष म्हणजे विष

"पण जुन्यात असं काय आहे, जे नव्यात नाही?"

"पानं कमी आहेत," याकूबचाचा म्हणाले.

सलील बोरवणकर हसला नाही. पहाटे पुण्याहून निघून, घाट उतरून तो हर्णैला आला होता, तो काही विनोद ऐकायला नव्हे. त्याने सॅक उघडली आणि एकेक पुस्तक काढून चटईवर रचलं. गुळगुळीत, रंगीत, दाराला अडसर म्हणून लावावीत इतकी जाड.

"ही नवी आवृत्ती. हिच्यात प्रत्येक गोष्टीला नियम आहे. चढायला, पोहायला, बाजारात घासाघीस करायला. मला सगळे पाठ आहेत. विचारा कुठलाही."

"कशाला विचारू?" चाचा म्हणाले. "तुला पाठ आहेत ना."

विनायक सुर्वे खाली मान घालून हसला. विनायक बर्फाच्या कारखान्यात असतो आणि त्याला हसू दाबता येत नाही. मी मंगल खातू. बंदराच्या रस्त्याला माझी पिठाची गिरणी आहे. रविवारी दुपारी ती बंद असते, कारण मी चाचांच्या पडवीत असते.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगून टाकते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही कुठे आहात आणि समोर काय आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. नशिबाची गोष्ट आली की फासा टाकायचा. झालं. मोठी माणसं असलं खेळतात का, असं विचारू नका. मोठी माणसं पत्ते कुटतात, त्यात तर गोष्टसुद्धा नसते.

दर काही वर्षांनी या खेळाची नवी आवृत्ती निघते, आधीपेक्षा जाड. चाचांकडे आहे ती पहिली. बोटीवर नोकरीला होते तेव्हा कुठल्याशा बंदरात घेतलेली. पातळ आहे, पिना गंजल्यात, मधलं पान चहाने पिवळं झालंय. चाचाही तसे पातळच, आणि बोलतात कमी. इंजिनाच्या खोलीत जन्म गेला, तिथे बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सवयच सुटली म्हणतात.

सलीलने ते पातळ पुस्तक उचलून चाळलं. त्याचा चेहरा पडला.

"यात पोहण्याचा नियमच नाही."

"नाही."

"पात्र पाण्यात पडलं तर?"

"पोहायला येतं का, ते विचारतो."

"नाही येत म्हणालं तर?"

"विनायक दोरी टाकतो."

"आणि दोरी नसेल तर?"

"आणायला हवी होती."

मला मनातून बरं वाटलं. आल्यापासून त्या पुस्तकांच्या चळतीवरून मी या पोराला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आमच्या खेळाची परीक्षा घ्यायला आलाय मोठा!

"हे मला द्या," सलील म्हणाला. "झेरॉक्स काढून परत पाठवतो."

"कशाला? तुझ्याकडे एवढी आहेत."

सलीलने चळतीवरचं वरचं पुस्तक उगाच सरळ केलं...

"माझा डाव मोडतोय," तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. शाळेपासूनचे मित्र. दर शनिवारी याच्या घरी जमायचे, हा सूत्रधार. लग्नं झाली, बदल्या झाल्या, तरी शनिवार चुकला नव्हता. मग परेशचं येणं थांबलं. आधी ताप आला, मग घरी पाहुणे आले, मग फोन उचलणंच बंद झालं. परेशमागे बाकीचेही गळाले. गेल्या शनिवारी एकच जण आला, आणि तोही सारखा घड्याळाकडे बघत होता.

"मला दुसरे मित्र नाहीत हो," सलील म्हणाला.

इतकं सरळ बोलला की मलाच कसंतरी झालं. शिव्या घालणं मी तेवढ्यापुरतं थांबवलं.

"परेश काय म्हणाला?" चाचांनी विचारलं.

"म्हणाला, मजा नाही राहिली. का, ते त्यालाही नीट सांगता येईना."

"मग तू काय ठरवलंस?"

"आवृत्ती बदलायची. जुन्या आवृत्तीवाले म्हणे म्हातारे होईपर्यंत खेळतात." त्याने आमच्याकडे पाहिलं आणि चाचरला. "म्हणजे... तसं नाही..."

"बरोबर ऐकलंयस," मी म्हटलं. "झालोय आम्ही."

चाचांनी ते पातळ पुस्तक उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घेऊन जा. पण आलायस तर खेळ."

पात्र तयार व्हायला चहा गाळण्याइतकाच वेळ लागला. फासे टाकले, ताकद, चपळाई असल्या गोष्टींचे सहा आकडे उतरवले, वर नाव. सलीलने नाव रणधीर ठेवलं. पुण्याहून येणारे असंच काहीतरी ठेवतात. विनायकच्या पात्राचं नाव बाबल्या आहे.

सलीलने कागद उलटा करून बघितला. मागे कोरा.

"कौशल्यं कुठे लिहायची? शोधणं, ऐकणं, कुलूप उघडणं..."

"ती तू घरूनच आणलीयस," चाचा म्हणाले.

सलीलला ते पटलं नाही, पण पाहुणा होता, कागद पुन्हा सुलटा केला. चाचांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले.

"गडाचं तळघर. मशाल मंगलच्या हातात. तीन भिंती घडीव दगडाच्या, चौथा नुसता कातळ. कोपऱ्यात रांजण. धुळीत पावलं आहेत, आत आलेली. बाहेर गेलेली नाहीत... काय करतोस?"

"शोध घेतो. फासा टाकू?"

"काय शोधतोस?"

"चोरवाट."

"कुठे?"

"सगळीकडे."

"सगळीकडे कोण बघतो, बाबा? डोळे दोनच असतात."

सलीलने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मशाल धरून बसले होते, म्हणजे चहाचा कप. मी काय सांगणार?

"नव्यात फासा टाकला की सापडतं," तो म्हणाला.

"मग शोधलं कुणी?"

सलीलने कागदाकडे पाहिलं. कागदावर सहा आकड्यांपलीकडे काही नव्हतं, तेव्हा बिचाऱ्याला मान वर करावीच लागली.

"जमीन कशी आहे?" त्याने विचारलं.

"ओली."

"मघाशी धूळ म्हणालात."

"दाराशी धूळ. आत ओलं."

"पाणी कुठून येतंय?"

"खाली वाकलास तर दिसेल."

"वाकतो. मंगलताई, मशाल खाली धरा." मी कप खाली धरला.

"रांजणाखालून येतंय," चाचा म्हणाले.

"रांजण भरलेला आहे?"

"वाजवून बघ."

आणि सलीलने खरोखरच बोटं मुडपून चटईवर टकटक केलं. विनायक पुन्हा हसला, पण या वेळी वेगळं हसला.

"पोकळ वाजतोय," चाचा म्हणाले.

"मग पाणी रांजणातलं नाही. मागून येतंय! सरकवतो."

"एकट्याला सरकत नाही."

"बाबल्या!"

"आलो," विनायक म्हणाला आणि बसल्या बसल्या बाह्या सरसावल्या.

रांजण सरकला. मागे कातळात एक भोक, हात जाईल एवढं. त्यातून गार वारा येत होता. सलीलचा फोन वाजला. त्याने न बघताच तो बंद केला. गुडघ्यांवर येऊन बसला होता, कपाळावर घाम, आणि ती रंगीत पुस्तकं त्याच्याच पायाने लोटली जाऊन पार भिंतीपाशी गेली होती.

"वारा येतोय म्हणजे पलीकडे पोकळ आहे. आत कडी असणार. सापडलं! हात घालतो."

"घालतोस?" चाचांनी विचारलं.

असं ते एकदाच विचारतात. विनायक कौलांकडे बघायला लागला. मी खाकरले. कोकणातलं शेंबडं पोरदेखील दगडाच्या भोकात आधी काठी घालतं, मग हात. पण सलील पुण्याचा.

"घातला."

"फुरसं," चाचा म्हणाले.

"कुठे?"

"तुझ्या बोटाला."

सलीलने हात झटकला, खरा हात, साप खरंच डसल्यासारखा. मग स्वतःलाच हसला. "बरं, ठीक आहे. विष. म्हणजे थोडी शक्ती कमी, एक रात्र विश्रांती घेतली की..."

"ते नव्यात. इथे विष म्हणजे विष. फासा टाक. बारा किंवा वर पडलं तर जगलास."

"आणि खाली पडलं तर?"

चाचांनी फासा त्याच्यापुढे सरकवला.

वीस बाजूंचा तो फासा सलीलने मुठीत धरला आणि धरूनच बसला. तासाभरापूर्वी हा रणधीर नव्हताच. आता त्याच्या जिवासाठी सलीलच्याने फासा सोडवेना.

"टाक रे," विनायक हळूच म्हणाला. "बाबल्या आहे इथे."

फासा चटईवरून घरंगळला, कपबशीवर आपटला आणि चाचांच्या गुडघ्याच्या पलीकडे जाऊन थांबला. आम्हा तिघांनाही दिसला नाही. चाचांनी पाहिला.

आणि त्यावर तळहात ठेवला.

हे चाचा कधी करत नाहीत. इथे फासा उघड्यावर पडतो आणि जे पडतं ते पडतं. माझी किती पात्रं अशी गेलीत, आणि त्यातल्या एकासाठी मी गिरणीत पीठ दळता दळता रडलेय. गिऱ्हाइकाला म्हटलं, पीठ गेलं डोळ्यात.

"किती पडलं?" सलीलने विचारलं.

"चार."

...

"कुणी पाहिलेलं नाही," चाचा म्हणाले. "चौदा म्हणू?"

"म्हणजे?"

"रांजणाचं छान ओळखलंस. एवढ्या लांबून आलायस. जगवतो तुला."

"नको."

"पाहुणा आहेस, बाबा."

"नको म्हटलं ना!" सलीलचा आवाज चढला. "मी काय कच्चं लिंबू आहे?"



कच्चं लिंबू आपण सगळ्यांनीच पाहिलंय. धाकटं भावंड मागे लागतं म्हणून खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ते आउट होत नाही. ते सगळ्यांबरोबर पळतं, सगळ्यांबरोबर ओरडतं, आणि थोड्या वेळाने आपण होऊन घरी निघून जातं. कुणी त्याला जा म्हटलेलं नसतं.

सलील चाचांच्या हाताकडे बघत होता. तोंड तसंच उघडं राहिलं होतं.

चाचांनी हात उचलला. चार.

"पुलावर..." सलील म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं. "परेशचा सरदार पुलावर एकटा थांबला होता. बाकीच्यांना पळता यावं म्हणून. समोर अख्खी फौज. मी फासा पुठ्ठ्याच्या आड टाकतो... सूत्रधार टाकतात तसा. घाव वर्मी बसला होता. मी म्हटलं, हुकला."

"का?"

"कॉलेजपासूनचं पात्र होतं त्याचं. फार जीव होता त्याचा त्याच्यावर. मला नाही बघवलं."

"पुढे?"

"पुढेही सांभाळत राहिलो. विहिरीत पडला तेव्हा, आगीत सापडला तेव्हा. दर वेळी."

"परेशने पाहिला का फासा, पुलावरचा?"

"नाही." सलील थांबला. "माझं तोंड पाहिलं."

विनायकने कपबश्या गोळा करायला घेतल्या आणि तशाच पुन्हा खाली ठेवल्या. मला त्या पोराचा राग यायला हवा होता, रागावायची मला हौसच आहे. पण प्रेमानेच केलं होतं हो त्याने, दुसरं काय!

सलीलने मांडीवरचं पातळ पुस्तक उघडलं. पुढून मागे, मागून पुढे. पानं कमी, त्यामुळे लगेच संपलं.

"यात आहे का काही? असं झालं तर काय करायचं, याचं?"

"नाही."

"मग मी परेशला फोन करून सांगू तरी काय?"

चाचांनी फासा उचलला, सलीलच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

"सांग," ते म्हणाले, "पुलावर मेलास तू."