बुजवलेले बीळ

एका खडकाळ टेकडीच्या उगवतीच्या अंगाला एक कोल्हीण राहत असे आणि मावळतीच्या अंगाला सायाळी राहत असत. सायाळ तुम्हाला ठाऊक असेलच. अंगभर काळेपांढरे काटे, खाणे मुळांचे आणि कंदांचे, स्वभाव आपण बरे की आपले बीळ बरे असा. कोल्हिणीचे कुठल्याही सायाळीने कधी काही वाईट केले नव्हते. तरी ती त्यांचा मनापासून द्वेष करी, कारण तिच्या आईने तो केला होता आणि आजीनेही केला होता.

मुलांनो, द्वेष घेऊन कोणी जन्माला येत नाही, तो शिकवावा लागतो. कोल्ह्यांकडे त्याची चोख व्यवस्था होती. पिल्लाचे डोळे उघडले, की घरातले वडीलधारे सायाळीचा एक जुना काटा त्याच्या नाकाशी धरीत आणि सांगत, की हा वास नीट ओळखून ठेव, याच काट्याने आपल्या पणजीला मारले. पिल्लू शिंकले, की सगळ्यांना केवढे कौतुक वाटे. पिल्लू बिचारे धुळीने शिंकलेले असे.

पिल्लू जरा मोठे झाले, की लढाईची गोष्ट सुरू होई. फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता आणि टेकडीवर एकच झरा उरला होता. त्या झऱ्यासाठी कोल्हे आणि सायाळी लढले. एके दिवशी मोठ्या सायाळी कंद शोधायला गेल्या असताना कोल्ह्यांनी हुशारी केली आणि माथ्यावरच्या त्यांच्या बिळाचे तोंड दगड लोटून बुजवून टाकले. गोष्टीचा शेवट ठरलेला होता : "आणि आतल्या सायाळी अजून झोपल्याच आहेत!" पिल्ले पोट धरून हसत. आपली कोल्हीणही लहानपणी हसली होती आणि आता तिचे एकुलते एक पिल्लू तीच गोष्ट रोज हट्टाने मागत असे. त्या गोष्टीचा पिल्लांनी एक खेळही केला होता. एकाने सायाळ व्हायचे आणि बाकीच्यांनी त्याला कोंडायचे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी पिल्ले हा खेळ खेळत माथ्यावर पोचली. जमीन आतून पोकळ होती, ती खचली आणि कोल्हिणीचे पिल्लू खाली त्या जुन्या बिळात पडले. वरून माती आणि दगड कोसळून भगदाड बंद झाले. बाकीची पिल्ले शेपट्या पायांत घालून घरी पळाली.

कोल्हीण धावत आली. जमिनीखालून पिल्लाचे बारीक कण्हणे ऐकू येत होते. तिने वरून उकरायला घेतले, तर आणखी माती आत घसरली आणि पिल्लू गुदमरून खोकू लागले. ती उकरायची थांबली. आता बिळाचे तोंड उघडणे एवढी एकच वाट होती. तिथे मात्र दगडांमधून बाभळीची जाडजूड मुळे आरपार गेली होती आणि ती कोल्ह्याच्या दातांनी तुटणारी नव्हती. ती कोणाच्या दातांनी तुटतील, हे जमलेल्या सगळ्या कोल्ह्यांना ठाऊक होते, पण नाव घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी एक म्हातारा कोल्हा तिला म्हणाला, "पिल्लं पुढच्या वर्षीही होतील. त्यांच्या दारात जाऊन नाक घासू नकोस."

कोल्हीण थोडा वेळ तिथेच घुटमळली. आत पिल्लाचा श्वास कोंडत असताना आपण मान-अपमानाचा विचार करीत बसलो, याची खंत तिला कायमची लागून राहिली. मग ती टेकडी ओलांडून मावळतीकडे धावली.

एक म्हातारी सायाळ बिळाबाहेर बसली होती. कोल्हिणीला पाहताच तिचे सगळे काटे उभे राहिले. कोल्हीण लांबच खाली बसली, मान जमिनीला टेकवली आणि धापा टाकत काय झाले ते तिने सांगितले. कोणत्या बिळात, असे सायाळीने विचारले. माथ्यावरच्या, हे ऐकल्यावर तिचे काटे हळूहळू मिटले. ती उठून चालू लागली. म्हातारे पाय, चढाची वाट. मागून येणाऱ्या कोल्हिणीचा जीव तीळतीळ तुटत होता, पण लवकर चल म्हणायला तिला तोंड नव्हते.

त्यांना येताना पाहून बाकीच्या कोल्ह्यांनी काढता पाय घेतला. बुजवलेल्या तोंडाशी आल्यावर सायाळीने एक दगड नखाने हलकेच खरवडला. त्या दगडावर तसे पुष्कळ ओरखडे होते. काही पुसट झालेले, काही ताजे.

कोल्हिणीला राहवले नाही. "दगड खरवडून काय होणार? मुळं तोड ना."

"तोडते, पोरी. आधी आम्ही आलो आहोत, असं आतल्यांना सांगायचं असतं. माझ्या आईची धाकटी भावंडं आहेत आत. पोरं घाबरू नयेत म्हणून आम्ही दर वर्षी येऊन सांगतो."

"मग बीळ उघडलं का नाहीत?"

"तुमचा पहारा होता इथं. आतून नखांचा आवाज यायचा बंद झाला, तेव्हा पहारा उठला. मग उघडून काय पाहायचं होतं?"

कोल्हिणीला लढाईची गोष्ट अक्षरन् अक्षर पाठ होती. नखांचा आवाज त्या गोष्टीत नव्हता. मुलांना हसता यावे म्हणून तो कोणीतरी काढून टाकला होता, आणि तिने स्वतः ती गोष्ट तशीच पुढे सांगितली होती. तिला लाज वाटली.

सायाळ मुळे कुरतडू लागली आणि कोल्हीण मोकळे झालेले दगड ओढू लागली. दोघींच्या तोंडांतून रक्त आले. काम करता करता कोल्हिणीने आपल्या पणजीचे सांगितले. पणजी झऱ्यावर पाणी प्यायला गेली आणि काट्याने मेली. घरात तिची अंगावर पिणारी पिल्ले वाट पाहत राहिली आणि भुकेने गेली. त्यांतले एकच कसेबसे वाचले. हे ती दोष द्यायला सांगत नव्हती. पण सायाळीचे दात मध्येच थांबले.

"तिला पिल्लं होती?" सायाळ म्हणाली. "आम्हाला सांगत आले, की एक पाणीचोर मारला."

मग तिने पुन्हा मुळांना दात लावले.

शेवटचा दगड निघाला आणि आत उजेड पडला. अगदी तोंडाशीच लहान लहान हाडे एकमेकांना चिकटून पडली होती. त्यांच्यात बारीक काटे होते, अजून टणक न झालेले. पोरे दाराशी येऊन बसली होती. त्यांच्या पलीकडे धुळीने माखलेले कोल्हिणीचे पिल्लू होते, जिवंत. हाडांना धक्का लागू नये म्हणून ते जपून पाय टाकत बाहेर आले. म्हाताऱ्या सायाळीने त्याला वाट दिली आणि तोंड फिरवले.

कोल्हिणीने पिल्लाला पोटाशी घेतले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आई, ही तर माझ्याएवढीच होती. यांना कोणी कोंडलं?"

कोल्हिणीला पुष्कळ उत्तरे देता आली असती. दुष्काळ होता, लढाई होती, सुरुवात त्यांनी केली होती. तिने सायाळीकडे पाहिले. सायाळ अजून पाठमोरीच होती.

"आपण," कोल्हीण म्हणाली.

पुढे कोल्हिणीने ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही आणि घरातला काटा सायाळीला नेऊन दिला. ती कधी कधी मावळतीकडे जाऊन सायाळीजवळ बसत असे. दोघी आपापल्या गेलेल्यांविषयी बोलत. पण सायाळ फार म्हातारी होती. पाऊस सुरू होण्याआधीच ती वारली. एकाच टेकडीवर दोघींचे आयुष्य गेले आणि शेजार घडला तो इतकाच. बाकीच्या कोल्ह्यांच्या घरी मात्र ती गोष्ट अजून सांगितली जाते आणि पिल्ले अजून हसतात. ते हसणे कानावर आले, की कोल्हीण आपल्या पिल्लाला जवळ ओढून घेते.

तात्पर्य : वैर वाडवडिलांकडून आयते मिळते, पण वैऱ्याचे दुःख आपण होऊन विचारावे लागते, आणि ते विचारायला जितका उशीर होईल, तितकी हळहळ मागे उरते.