धोंडाभर जोर

वजनकाटे यायच्या कितीतरी आधी एका मळ्यात बैल आणि रेडा रोज भांडत: जोर कुणाचा जास्त? शेवटी कासवाने तोड काढली. चिंचेच्या फांदीवरच्या कप्पीतून दोर ओवला आणि एक काळा धोंडा लटकवला. तो ओढून उचलला, की एक धोंडा जोर. मग तेवढेच जड धोंडे वाढवत नेले. बैल चार भरला, रेडा पाच. भांडण मिटलं.

पण काळ्या धोंड्याला चैन पडेना. लटकल्या लटकल्या तो सारखा झुलायचा. "सगळ्यांचा जोर माझ्यावरून ठरतो. म्हणजे खरा जोर माझाच!"

"मग खालचं ते पान ओढून दाखव," बैल म्हणाला.

धोंड्याने असे हिसके दिले, की गाठ सुटली आणि तो धाडकन पानावर आदळला. कितीही तडफडला तरी पान तसूभर सरकेना.

"कासवदादा, माझा जोर गेला कुठे?"

"जिच्यावर पडलायस, त्या जमिनीला विचार. वर होतास तेव्हाही तीच तुला ओढत होती."

दुसऱ्या दिवशी धोंडा पुन्हा बांधला. रेड्याने सगळे धोंडे उचलले. "किती भरलो रे?"

धोंडा पहिल्यांदाच स्थिर लटकला होता.

"पाच," तो म्हणाला. "पण त्यातला जोर माझा नव्हे, जमिनीचा."