राणी सुरंगेच्या टाचा आणि कोठाराचं दार

एका राज्यात राणीच्या टाचांना भेगा पडल्या आणि सगळ्या प्रजेची चूल विझायची वेळ आली.

हसू नका. तिथली रीतच तशी होती. सुगी झाली की राणी सुरंगा अनवाणी यायची, सगळ्यांचं धान्य साठवलेल्या कोठाराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायची. उंबरा पाऊल ओळखायचा, दार उघडायचं. यंदा उंबरा म्हणाला, "हे पाऊल राणीचं नाही. हे तर आटलेलं तळं."

घरोघरी दहा दिवसांचे दाणे उरलेले.

चूक राणीचीच. धान्य मागायला आलेल्या काजळाई जादूगारणीला ती म्हणाली होती, "आजी, टाचा आहेत की नांगरलेलं शेत?" काजळाई म्हणाली, "तुझ्याही तशाच होतील. दासीचा हात लागला की वाढतील."

दासींनी सोन्याचा वर्ख लावला, मेंदी थापली. भेगा वाढल्या. दोन दिवस गेले.

मग अंगणातली टिटवी बोलली, "राणीसाहेब, मी जन्माची अनवाणी. पायांतलं मला विचारा. तीन गोष्टी लागतील. पाण्यावर तरंगणारा दगड, झाडाला लागलेलं तूप आणि तुमचा स्वतःचा हात."

दगड तळ्याच्या मधोमध झोपला होता, राणीने हाक मारली तसा पोहत आला. तूप रातांब्याच्या झाडाने दिलं, बियांतून काढलेलं, गोळ्यासारखं घट्ट कोकम तेल. हात मात्र अवघड गेला. चाळिशीनंतर स्वतःच्या टाचेपर्यंत पोचणं म्हणजे मोहीमच. मधे पोट नावाचा डोंगर लागतो. मला विचारा.

रोज संध्याकाळी राणी कोमट पाण्यात पाय सोडून बसे. पाण्यात तारे उतरत, बोटांशी खेळत. मग पाय टिपायचे, दगड हलकेच फिरवायचा, तेल पातळ करून भेगांत भरायचं, वर मऊ मोजे. तीन दिवसांत फरक दिसला आणि राणीला घाई झाली. चौथ्या दिवशी तिने खसाखसा घासलं. रक्त आलं.

"टाच आहे ती," टिटवी म्हणाली, "करपलेला तवा नाही!"

दगड बाजूला राहिला. राणीने जखम धुतली आणि निमूट थांबली. जखम भरल्यावर पुन्हा तेल सुरू. दहावा दिवस उजाडला तेव्हा सगळ्या भेगा मिटल्या होत्या, एक सोडून.

"ही का मिटत नाही?"

"ती तेलाची नाही, राणीसाहेब. ती तोंडाची आहे."

राणी तेलाची वाटी घेऊन निघाली. कोठारासमोर रिकाम्या सुपांची रांग होती आणि सगळ्यांत शेवटी काजळाई. राणी तिच्यासमोर मातीत बसली.

"आजी, त्या दिवशी मी वाईट बोलले. पाय द्या."

"लोक बघतायत."

"बघू देत."

राणीने म्हातारीचा पाय मांडीवर घेतला, तेल चोळू लागली. काजळाईने आधी पाय मागे ओढून पाहिला. मग तिचे खांदे हलले. "अगं, पुरे! गुदगुल्या होतायत!" आणि ती अशी हसली की झाडावरचे पोपटही हसायला लागले.

राणीची शेवटची भेग मिटली. ती उठली, उंबऱ्यावर पाऊल ठेवलं.

"या, राणीसाहेब," उंबरा म्हणाला, आणि दार उघडलं.

पहिलं सूप काजळाईचं भरलं. त्या दिवशी राज्य पोटभर जेवून झोपलं, आणि कित्येक दिवसांनी राणीच्या टाचा रेशमी चादरीला अडकल्या नाहीत.