व्याह्यांचा पहिला घास

पूर्वी, जिथे आकाशात दोन चंद्र उगवतात अशा एका लोकधातूत, म्हणजे वेगळ्याच विश्वात, शंखावती नगरात तिमिंद राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दुभाष्याच्या कुळात जन्मास आला होता. त्याचे नाव सुवाच. तिमिंदाची प्रजा समुद्रात राहणारी, अंगावर खवले असलेली. पलीकडच्या पर्वतावर पंखांचे लोक राहत. दोघांत पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चाले आणि दोघांची भाषा जाणणारा एकटा सुवाच होता.

पुढे राजकन्या तरला आणि पर्वतावरचा विहंग यांचे मन जुळले. युद्ध थांबले, लग्न ठरले. वऱ्हाड पंख फडफडवीत किनाऱ्यावर उतरले. सर्वांत पुढे वराची आजी शिलावती होती. पर्वतावर तिचाच शब्द चाले.

मंगलकार्य पार पडले. पंगत बसली. तिमिंदाने शिलावतीसमोर ताट ठेवले आणि त्यातलाच पहिला घास उचलून आपल्या तोंडात घातला. शिलावतीचे पंख ताठ झाले. तिने ताट दूर सारले आणि आपल्या भाषेत काही बोलली. समुद्राच्या लोकांचे हात तलवारींकडे गेले.

"काय म्हणाल्या त्या?" तिमिंदाने विचारले.

सेनापती कराल याला लुटीची चटक होती. तो सुवाचाच्या कानाशी लागला. "जसे बोलली तसे सांग आणि गप्प बस. खाडीकाठचे गाव तुला इनाम देतो." दुसऱ्या बाजूने राणी कुजबुजली, "तिने जेवणाची स्तुती केली असे सांग, बाबा."

सुवाचाने दोघांनाही हात जोडले.

"महाराज, त्या तुम्हाला हावरट म्हणाल्या. मी खोटे सांगणार नाही. पण एवढेच सांगून थांबलो, तर तेही खोटेच होईल. पर्वतावर अन्न थोडे. तिथे यजमान स्वतः उपाशी राहून पाहुण्याला आधी जेवू घालतो. त्यांच्या लेखी याहून मोठे पुण्य नाही."

मग तो शिलावतीकडे वळला. "आजी, यांची फळे लाटांखाली पिकतात. त्यांतली बरीच विषारी असतात. म्हणून यजमान पाहुण्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खातो. विष असेलच, तर ते आधी त्याला बाधावे."

शिलावतीने दूर सारलेले ताट पुन्हा जवळ ओढले. "म्हणजे हा माझ्यासाठी मरायला बसला होता?"

"होय, आजी."

"आणि मी त्याला हावरट म्हटले." ती हसू लागली. हसता हसता तिच्या पंखांतून पिसे गळाली.

तिमिंदाला हे कळताच तोही विरघळला. "विहीणबाई, चूक माझी. आता तुम्ही आधी घ्या."

"छे, व्याही. तुमच्या घरी तुमची रीत. तुम्ही घ्या."

"तुम्ही घ्या."

सुवाच दोघांचे बोलणे इकडून तिकडे पोचवीत होता, पण दोघेही हटेनात. ताटे निवू लागली. अखेर तरला उठली. तिने एक घास बापाच्या हातात दिला, एक आजेसासूच्या हातात. "बाबा, तुम्ही आजींना भरवा. आजी, तुम्ही बाबांना. दोघांनी एकदमच."

सुवाचाने ते शिलावतीला तिच्या भाषेत सांगितले आणि दोघांनी तसे केले. ते पाहून सारी पंगत एकमेकांना घास भरवू लागली. खवले पिसांत अडकले, खीर दाढ्यांना लागली. कराल संतापून काही बोलायला तोंड उघडतो तोच शिलावतीने त्याच्याही तोंडात भलामोठा लाडू कोंबला. तो चावून होईपर्यंत गाणी सुरू झाली होती आणि युद्धाचे नाव ऐकायला कोणी उरले नव्हते. सुवाचाला गाव मिळाले नाही. पण त्या दिवशी त्याला इतक्या हातांनी भरवले की शेवटी त्याला पंगतीतून पळावे लागले.

पूर्वजन्मीची एवढी कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, आधी कोणी बसायचे यावरून आज सकाळपासून अबोला धरून बसलेले हे दोन वयोवृद्ध स्थविर भिक्षूच तेव्हा शिलावती आणि तिमिंद होते. त्यांना पाणी देणारी ही उपासिका तेव्हाची तरला. त्यांचे भांडण लांबावे म्हणून मागे बसून वाट पाहणारा भिक्षू उदुंबर तेव्हा कराल होता. आणि सुवाच मीच होतो. सत्य कधी सोडू नये आणि ते अर्धेही सांगू नये. दुसऱ्याच्या रीतीमागचे त्याचे चांगुलपण जो शोधतो, त्याच्या ठायी मैत्री पूर्ण होते."

दोन्ही स्थविर हसत उठले आणि एकाच वेळी खाली बसले.